फुफीची पाच वाजताची गोळी

(युवक-युवतींच्या शिबिरात एका डॉक्टरांनी केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



संयोजकांनी मला 'हृदयविकार आणि तरुण' असा विषय दिला होता. मी त्यांना म्हटलं, हार्ट अटॅकवरची भाषणं या मुलांना मोबाईलवर रोज ऐकायला मिळतात. मला दुसऱ्या एका दुखण्यावर बोलू द्या. हे दुखणं हृदयात सुरू होतं आणि घाव घालतं मेंदूवर. घरात ते घडत असतं तेव्हा तुमच्या वयाचं कुणीतरी शेजारीच बसलेलं असतं. आमच्या घरात मी बसलो होतो. म्हणून आधी घरचंच सांगतो.

माझी फुफी सोलापुरात बिड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात कापलेली तेंदूची पानं आणि तंबाखू, आणि बोटं मशीनसारखी चालायची. बोलता बोलता, रागावता रागावता, मुलीचा अभ्यास घेता घेता बिड्या पडत राहायच्या. लहानपणी तिचा घसा सारखा धरायचा. मग ताप यायचा आणि सांधे सुजायचे. आज गुडघा, चार दिवसांनी घोटा, मग मनगट. दादी म्हणायची, वाढीच्या वयातलं दुखणं आहे, जाईल. गेलंही. पण जाताना हृदयाची एक झडप खराब करून गेलं. हे कळलं ते फुफीच्या दुसऱ्या बाळंतपणात. जिना चढताना तिला दम लागायचा आणि घरातले सगळे म्हणायचे, कमजोरी आहे, अंडी खा. आपल्याकडे बाईला दम लागला की तिला अंडी खायला सांगतात आणि पुरुषाला दम लागला की दवाखान्यात नेतात. हे मी आजही माझ्या ओपीडीत बघतो.

या आजाराला ऱ्हुमॅटिक फीव्हर म्हणतात. स्ट्रेप्टोकोकस नावाचा जंतू घशात येतो, बहुतेक करून पाच ते पंधरा या वयात. शरीर त्याच्याशी लढायला उठतं, पण काही मुलांमध्ये ही लढाई आपल्याच सांध्यांवर आणि हृदयाच्या झडपांवर उलटते. सांधे बरे होतात. झडपेवर मात्र वण राहतो, आणि तो वर्षानुवर्षं घट्ट होत जातो. दहा बाय बाराच्या खोलीत आठ माणसं झोपत असतील तर एकाचा घसा आठ जणांचा होतो. युरोपात हा आजार पेनिसिलीन यायच्या आधीपासूनच कमी व्हायला लागला होता, कारण घरं सुधारली, गर्दी कमी झाली. आपल्या गल्ल्यांमध्ये तो अजून आहे, तो कुणाच्या नशिबामुळे नाही. तुम्ही वॉर्डातल्या घरांचा, पाण्याचा, गटारांचा प्रश्न घेऊन पालिकेत जाता ना, तेव्हा तुम्ही हृदयाच्या झडपांचंही काम करत असता, हे ध्यानात ठेवा. आणि घरातल्या एखाद्या मुलाला घसा धरून गेल्यावर दोन-तीन आठवड्यांनी सांधे सुजले, तर डॉक्टरला दाखवा. निदान झालं तर दर तीन आठवड्यांनी पेनिसिलीनचं एक इंजेक्शन वर्षानुवर्षं घ्यावं लागतं. ते दुखतं आणि स्वस्त असतं. त्याने झडप वाचते.

फुफीची झडप अरुंद झाली होती. डाव्या बाजूच्या वरच्या कप्प्यातून खालच्या कप्प्यात रक्त जातं, त्या दारातली मायट्रल झडप. बलून घालून ती रुंद केली, तिला बरं वाटलं. पण इतकी वर्षं अरुंद दारामागे रक्त तुंबून वरचा कप्पा फुगला होता. फुगलेल्या कप्प्याचा ताल बिघडतो. फुफीचा बिघडला. एट्रियल फिब्रिलेशन.

आता जरा शांतपणे ऐका, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. निरोगी हृदयात वरचे कप्पे आधी आकसतात, रक्त खाली ढकलतात, मग खालचे कप्पे आकसून ते शरीरभर पाठवतात. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये वरच्या कप्प्यांत विजेचा गोंधळ माजतो. मिनिटाला साडेतीनशे ते सहाशे वेळा ते थरथरतात. थरथरतात म्हणजे आकसत नाहीत, रक्त ढकलत नाहीत. खालचे कप्पे त्यातले काही इशारे पकडतात आणि जमेल तसे ठोके देतात, म्हणून नाडीला ताल राहत नाही. पत्र्यावर पाऊस ओसरताना थेंब पडतात ना, दोन लगेच, मग थांबून एक, मग तीन, तशी ती लागते. माणूस यात मरत नाही. कित्येकांना काही जाणवतही नाही. कुणाला धडधड होते, कुणाला थकवा येतो, आणि कुणाला पहिलं लक्षण दिसतं ते थेट लकव्याचं.

डाव्या वरच्या कप्प्याला एक छोटी पिशवी असते, करंगळीएवढी, आतून खाचाखाचांची. एरवी कप्पा आकसला की तीही रिकामी होते. कप्पा नुसता थरथरायला लागला की तिथलं रक्त हौदाच्या कोपऱ्यातल्या पाण्यासारखं पडून राहतं. पडून राहिलेलं रक्त गोठतं. रुडॉल्फ विरशॉ या जर्मन डॉक्टरने एकोणिसाव्या शतकातच रक्त का गोठतं याचा शोध घेतला. साचलेलं रक्त, इजा झालेलं अस्तर आणि गोठायला उतावळं झालेलं रक्त, ही तीन कारणं आज आम्ही त्याच्याच नावाने शिकतो. झडपेचा विकार नसलेल्या रुग्णांमध्ये दहापैकी नऊ गाठी या पिशवीतच सापडतात. फुफीसारख्या झडपेच्या रुग्णांमध्ये त्या कप्प्यात इतरत्रही होतात.

ही गाठ तिथेच राहिली असती तर मी आज इथे बोलत नसतो. ती सुटते. झडपेतून खालच्या कप्प्यात, तिथून महाधमनीत, आणि पुढे प्रवाह नेईल तिकडे. हातापायात गेली तर तो अवयव थंड पडतो, पांढरा होतो, भयंकर दुखतो. आतड्यात गेली तर पोटात असह्य दुखतं आणि तपासणाऱ्या डॉक्टरला पोट मऊच लागतं. पण बहुतेक वेळा ती मानेतल्या धमनीतून मेंदूत जाते. हृदयातून आलेली गाठ मोठी असते, त्यामुळे ती मोठी नस बंद करते आणि मेंदूचा मोठा भाग जातो.

धोका किती? अमेरिकेत फ्रेमिंगहॅम नावाचं गाव आहे. तिथल्या लोकांचा १९४८ पासून अभ्यास चालू आहे. त्यातून १९७८ मध्ये निघालेला निष्कर्ष असा, की झडपेचा विकार नसलेल्या माणसाला एट्रियल फिब्रिलेशन असेल तर पक्षाघाताचा धोका पाच पटींहून जास्त होतो. आणि ऱ्हुमॅटिक झडप असेल तर सतरा पटींहून जास्त. सतरा पट हा आकडा मी एमबीबीएसला असताना पाठ केला होता. परीक्षेत लिहिलाही होता.

तर फुफीला गोळी सुरू होती, अ‍ॅसेनोकूमारॉल. वॉरफरिनची बहीण म्हणा. लोक तिला रक्त पातळ करायची गोळी म्हणतात. रक्त पातळबितळ काही होत नाही. रक्त गोठवणारे काही घटक यकृतात तयार होतात आणि त्यांना व्हिटॅमिन के लागतं. ही गोळी तो मार्ग अडवते, त्यामुळे रक्त गोठायला वेळ लागतो, एवढंच. किती वेळ लागतो ते पीटी-आयएनआर या तपासणीत कळतं. फुफीसारख्या रुग्णात तो आकडा दोन ते तीनच्या मध्ये ठेवायचा असतो. दोनच्या खाली गेला तर गाठीची भीती, तीनच्या फार वर गेला तर रक्तस्रावाची.

या औषधाची जन्मकथा सांगायचा मोह आवरत नाही. १९२० च्या दशकात उत्तर अमेरिकेत गाईगुरं रक्तस्राव होऊन मरायला लागली. शिंगं कापली तरी रक्त थांबेना. कारण निघालं बुरशी आलेला गोड क्लोव्हरचा चारा. १९३३ च्या हिवाळ्यात विस्कॉन्सिनमधला एड कार्लसन नावाचा शेतकरी मेलेली कालवड, तो चारा आणि न गोठलेल्या रक्ताची दुधाची किटली घेऊन हिमवादळातून कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेत पोचला. काही वर्षं खपून लिंक यांच्या चमूने त्या चाऱ्यातला पदार्थ वेगळा काढला. त्यावरून पुढे वॉरफरिन तयार झालं. ते १९४८ मध्ये बाजारात आलं उंदराचं विष म्हणून. नंतर माणसांसाठी वापरात आलं, आणि १९५५ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांना हार्ट अटॅक आल्यावर त्यांनाही दिलं गेलं. म्हणून कुणी तुम्हाला येऊन सांगितलं की डॉक्टर आईला उंदराचं औषध देतोय, तर हो म्हणा. मात्रा किती हे महत्त्वाचं. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये ही गोळी नीट घेतली तर तीनपैकी जवळजवळ दोन पक्षाघात टळतात.

पण टळलेला पक्षाघात दिसत नाही हो. दुखण्याची गोळी घेतली की दुखणं थांबतं, साखरेची घेतली की ग्लुकोमीटरवर आकडा दिसतो. या गोळीने फुफीला काहीच वाटायचं नाही. उलट हिरड्यांतून रक्त यायचं, दर महिन्याला हात टोचून घ्यायचा, अर्ध्या दिवसाच्या बिड्या बुडायच्या. ती म्हणायची, "अब अच्छी हूँ मैं. गोली कायकू खाना?" तरी ती खायची. फाईलवर डॉक्टरांनी लिहिलं होतं: संध्याकाळी पाच वाजता. ती रोज पाचला खायची. तिच्या घरात पाचला गोळीची वेळ ठरलेली होती.

मग रमजान आला. तेरा-चौदा वर्षांपूर्वीचा, ऑगस्टमधला. पाच वाजता रोजा असतो. इफ्तार सातच्या आसपास.

तुमच्या लक्षात आलं. माझ्या आलं नाही.

तिने सकाळच्या गोळ्या सहरीला घेतल्या, रात्रीच्या रात्री घेतल्या. पाचची तेवढी सोडली. तिच्या डोक्यात पाचची गोळी ही पाचचीच होती. ती सात वाजता, खजूर खाऊन, पाणी पिऊन घेतली तरी चालेल, हे तिला कुणी सांगितलं नाही. लिहिणाऱ्याने सांगितलं नाही, तिने विचारलं नाही. आणि बाराव्या रोज्याला, रविवारी, मी सुट्टीवर आलो होतो आणि तिच्या घरी इफ्तारला बसलो होतो. तेव्हा मी एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला होतो, गळ्यात नवा स्टेथोस्कोप. जेवणं झाल्यावर फुफीचं मनगट धरलं आणि सगळ्या भावंडांना नाडी दाखवली. बघा, याला म्हणतात अनियमितपणे अनियमित. प्रत्येकाने बोटं ठेवून बघितली. फुफी हसत होती, तिला कौतुक वाटत होतं. तिच्या मागच्या फळीवर गोळ्यांचा डबा होता. मी तो उघडला नाही.

सतराव्या रोज्याची सहरी. चारच्या सुमारास फुफी भाकरी थापत होती. पीठ परातीतच राहिलं आणि तिचा उजवा हात खाली गळाला. माझी फुफेरी बहीण तिथेच होती, अकरावीत शिकणारी. तिने विचारलं, अम्मी काय झालं? फुफीने तोंड उघडलं, आवाज आला, शब्द आले नाहीत. तोंड डावीकडे ओढलं गेलं होतं.

शेजारच्या खाला आल्या. म्हणाल्या, हवा लगी है. गरम तेलाने हात चोळला. कुणीतरी सांगितलं, कबुतराचं रक्त लावतात, एक माणूस कबुतर आणायला गेला. फजरनंतर एक जण दम केलेलं पाणी घेऊन आला. ते पाणी तिला पाजलं आणि तिला ठसका लागला, कारण गिळायचे स्नायूही गेले होते. पक्षाघाताच्या माणसाला पाण्याचा घोटसुद्धा देऊ नका, तो फुप्फुसात जातो. मला फोन आला दहा वाजता. मी दुसऱ्या शहरात. मी ओरडलो, आत्ताच्या आत्ता मोठ्या दवाखान्यात न्या. त्या पोचल्या तेव्हा बारा वाजून गेले होते.

तिथल्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला: शेवटचं नीट कधी पाहिलं? कारण गाठ विरघळवणारं इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच देता येतं. चारला सुरुवात झाली म्हणजे मुदत साडेआठची. पक्षाघातात मोठी नस बंद झाली की दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात. आमचे आठ तास गेले होते. त्यांना दोष द्यायला मी हे सांगत नाही. तेल चोळणारी खाला रात्री दोन वाजेपर्यंत दवाखान्याच्या पायरीवर बसून होती. तिला जे येत होतं ते तिने केलं.

संध्याकाळी मी घरी जाऊन तो डबा उघडला. पाच वाजताच्या गोळीची पट्टी. चाँद दिसला त्या दिवसापासून एकही गोळी फोडलेली नव्हती. या औषधाचा असर दोन-तीन दिवसांत उतरतो. म्हणजे मी तिची नाडी सगळ्यांना दाखवत होतो तेव्हा ती दहा दिवस उघडी पडलेली होती. सतरा पट.

फुफी त्यानंतर सहा वर्षं जगली. उजवा हात परत आला नाही. वाचा गेली. माझं नाव तिला घेता यायचं नाही, मुलीचंही नाही, पाणी हवं असेल तर पाणी म्हणता यायचं नाही. पण कुणी तिच्याजवळ सूरह सुरू केली की ती पुढचं सगळं म्हणायची, स्पष्ट, एकही अक्षर न चुकता. गल्लीत लोक म्हणाले करामत आहे. मी ती श्रद्धा मोडायला गेलो नाही, पण तुम्हाला सांगतो, मेंदूत नवं वाक्य जुळवण्याची जागा वेगळी आणि लहानपणापासून घोटून पाठ झालेलं बोलण्याची वाट वेगळी. पहिली गेली तरी दुसरी राहू शकते. गाणी, आकडे, शिव्या, दुआ, हे कित्येक रुग्णांत राहतं. मला तिच्या तोंडून ते ऐकताना बरंही वाटायचं आणि सहनही व्हायचं नाही.

आणि सूप? ते अकरावीतल्या मुलीच्या मांडीवर आलं. कॉलेज सुटलं. तिला दम्याबिम्याचा, हृदयाचा काही आजार नव्हता. तरी त्या गाठीने तिचंही आयुष्य बदललं.

आता तुमच्याकडे येतो. तुमच्यापैकी कुणाच्या घरात अम्मी, अब्बा, दादा, नानी अशी गोळी घेतात? हात वर करा. सात, आठ... म्हणजे पुष्कळ झाले. ही गोष्ट तुमची आहे.

शाबान लागला की फाईल काढा आणि त्यांना घेऊन डॉक्टरकडे जा. रोजे ठेवायचे की नाही, हा त्यांचा आणि डॉक्टरचा निर्णय. आजाऱ्याला सवलत आहे हे कुरआनात सांगितलेलं आहे आणि ते तुम्हाला माझ्याकडून शिकायची गरज नाही. काहींनी ठेवू नयेत हेच बरं, हृदय फार थकलेलं असेल, मूत्रपिंडं कमजोर असतील त्यांनी तर नाहीच. पण ज्यांनी ठेवायचे ठरवलंय त्यांची गोळी सुटायचं काही कारण नाही. वॉरफरिन आणि अ‍ॅसेनोकूमारॉल दिवसातून एकदाच असतात, इफ्तारनंतर घेता येतात. नव्या गोळ्यांत रिव्हरॉक्सबॅन दिवसातून एकदा, पण पोटभर जेवणाबरोबरच घ्यायची, म्हणजे तरावीहच्या आधीच्या जेवणाला. अपिक्सबॅन आणि डॅबिगॅट्रन दोनदा असतात, त्या इफ्तार आणि सहरीला बसवता येतात, पण अंतर किती पडतंय ते डॉक्टरला विचारून. वेळ आपल्या मनाने बदलू नका, विचारून बदला. आणि रमजानच्या दुसऱ्या आठवड्यात एकदा आयएनआर करा, कारण महिनाभर खाणंपिणं सगळं उलटंपालटं झालेलं असतं.

खाण्यावरून आठवलं. मेथी-पालक बंद करा, असं सगळीकडे सांगतात. बंद करू नका. पालेभाजीत व्हिटॅमिन के असतं, त्यामुळे रोज थोडी खाणाऱ्याने रोज थोडी खात राहावी, गोळीची मात्रा त्यावरच बसवलेली असते. महिनाभर शून्य आणि मग एका आठवड्यात चार जुड्या, याने आकडा हलतो. त्याहून मोठा घोटाळा मेडिकलच्या दुकानात होतो. गुडघा दुखतो म्हणून दुखण्याची गोळी, जुलाबावर मेट्रोनिडॅझोल, खाजेवर फ्लुकोनॅझोल. पहिलीने पोटात रक्तस्राव होऊ शकतो, बाकी दोन्हींनी आयएनआर झपाट्याने चढतो. टीबीचं रिफॅम्पिसिन सुरू झालं तर उलट, आकडा कोसळतो. हकीमसाहेबांच्या पुडीत काय आहे ते हकीमसाहेबांनाच माहीत, म्हणून ती नको. दुकानदाराला, दाताच्या डॉक्टरला, प्रत्येकाला आधी सांगायचं की ही गोळी चालू आहे. बहिणींसाठी एक: वॉरफरिनने गर्भाला इजा होऊ शकते. घरात झडपेचा आजार असलेली कुणी तरुण बाई असेल, तर दिवस जायच्या आधीच हृदयाच्या डॉक्टरशी बोलणं झालं पाहिजे. आणि तोवर, किंवा दिवस गेल्याचं कळल्यावरही, गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही.

कुणीतरी विचारणारच, म्हणून नव्या गोळ्यांबद्दल. त्यांना दर महिन्याला रक्त तपासावं लागत नाही, आता त्या पूर्वीपेक्षा स्वस्तही झाल्यात. झडप चांगली असेल तर त्या उत्तम. पण फुफीसारखी ऱ्हुमॅटिकने अरुंद झालेली झडप असेल, किंवा धातूची बसवलेली झडप असेल, तर जुनीच गोळी. २०२२ मध्ये इन्व्हिक्टस नावाच्या अभ्यासाचा निकाल आला. आफ्रिका, आशिया आणि लॅटिन अमेरिकेतले २४ देश, साडेचार हजारांवर ऱ्हुमॅटिक रुग्ण, सरासरी वय पन्नासच्या आसपास, बहुसंख्य बायका. एका गटाला रिव्हरॉक्सबॅन, दुसऱ्याला जुनी गोळी. सगळ्यांना वाटत होतं नवी निदान बरोबरीची ठरेल. जुन्या गोळीच्या गटात मृत्यू कमी झाले. तो पेपर वाचताना पन्नाशीतल्या त्या सगळ्या बायका मला मांडीवर सूप घेऊन बसलेल्या दिसत होत्या. तेव्हा शेजाऱ्याला नवी गोळी लागू पडली म्हणून अम्मीची बदलून आणू नका. अ‍ॅस्पिरिन तर या कामाला पर्याय नाहीच.

एक प्रश्न लोक मला बाजूला घेऊन, कुजबुजत विचारतात. तो मी माईकवर घेतो. दवाखान्यात पोटावर देतात ते हेपरिनचं इंजेक्शन डुकरापासून बनतं का? हो. आज जगात वापरलं जाणारं बहुतेक हेपरिन डुकराच्या आतड्याच्या अस्तरापासून काढतात. फुफीच्या वेळी माझ्या अब्बांना हे कुणीतरी सांगितलं आणि ते वॉर्डाच्या दारात थबकले. मग त्यांनीच सही केली. जीव वाचवायला दुसरं काही नसेल तेव्हा सूट आहे, हे तत्त्व आपल्याला लहानपणापासून माहीत असतं. काही रुग्णांत फोंडापॅरिनक्स नावाचं प्रयोगशाळेत बनवलेलं इंजेक्शन चालतं. विचारायला लाजू नका, डॉक्टरला राग येत नाही. गुपचूप इंजेक्शन चुकवलं तर मात्र येतो. आणि वॉरफरिन, अ‍ॅसेनोकूमारॉल ही औषधं रसायनांपासूनच बनतात.

लकवा ओळखायचा कसा, ते इथून जाताना सगळ्यांना आलं पाहिजे. माणसाला हसायला सांगा, तोंड एका बाजूला जातं का? दोन्ही हात समोर धरायला सांगा, एक खाली येतो का? एक वाक्य बोलायला सांगा, शब्द अडखळतात का? तिन्हीपैकी एक जरी झालं तर १०८ ला फोन, वेळ लिहून ठेवायची, आणि जिथे सीटी स्कॅन रात्री चालू असतो तिथेच न्यायचं. असा दवाखाना तुमच्या भागात कुठला, हे आजच शोधून ठेवा, पहाटे चारला शोधायचं नाही. गोळ्यांचा डबा सोबत न्या. काही रुग्णांत आता तार घालून गाठ बाहेर काढतात आणि त्याला साडेचार तासांहून जास्त मुदत मिळते, निवडक रुग्णांत २४ तासांपर्यंत. म्हणून उशीर झाला तरी न्याच.

आणि नाडी. पन्नाशीच्या पुढच्या प्रत्येकाची, झडपेचा आजार असेल तर कुठल्याही वयाची, महिन्यातून एकदा बघा. बेताल लागली तर ईसीजी काढा, तो स्वस्त असतो. हातातलं घड्याळ सांगतं ते खरं धरून गोळी सुरू करायची नाही, ईसीजीवर दिसलं पाहिजे.

चला, जोड्या करा. शेजाऱ्याचा तळवा वर, अंगठ्याच्या मुळाशी, मनगटावर. पहिलं आणि मधलं बोट. अंगठा नको, अंगठ्यात स्वतःचीच नाडी लागते. तुमच्या वयात श्वास आत घेताना ती जरा पळते आणि सोडताना मंदावते, ते ठीक आहे, त्याला घाबरू नका. घरी गेल्यावर हेच अम्मीच्या मनगटावर करायचं, आणि बोटं काढल्यावर गोळ्यांचा डबा उघडायचा. सापडली नाडी? मागे, त्या कोपऱ्यात सापडली का? एक मिनिट पूर्ण. मी घड्याळ बघतो.